लोकसंख्या वाढणार, म्हणून महाविद्यालय काढायचे का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे का ते दिसेल. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात तुमच्या संस्थेची बारावीपर्यंतची शाळा आहे. 2036 पर्यंत महाराष्ट्राची लोकसंख्या साडेतेरा कोटींच्या पुढे जाणार, हे वाचून विश्वस्त मंडळाने वरिष्ठ महाविद्यालय काढण्याचा, पाच एकर जागा घेऊन तीनमजली इमारत बांधण्याचा बेत केला आहे. इकडे शेजारच्या तालुक्यात बी.ए.चे वर्ग अर्धे रिकामे दिसतात. मग लोकसंख्या वाढते आहे हे खरे, की विद्यार्थी कमी होताहेत हे खरे? आणि रस्ता, पाणी, वसतिगृह मागायचे तर कशाच्या आधारावर मागायचे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विद्यापीठांचे बृहत् आराखडे (कुठे कोणती महाविद्यालये हवीत याचे पाच वर्षांचे नियोजन) आणि काही नगरपालिकांचे विकास आराखडे यांसाठी लोकसंख्येचे अंदाज बांधण्याचे काम मी बरीच वर्षे केले. एकूण लोकसंख्येचा आकडा पहिल्या पानावर टाकून त्याखाली नव्या महाविद्यालयांची यादी जोडलेले प्रस्ताव त्या काळात ढिगाने पाहिले. राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाच्या तांत्रिक गटाचा 2020 चा अहवाल तुमच्या आकड्याच्या मागे आहे, आणि तो आकडा ठीकच आहे. पण त्यात तुमच्या महाविद्यालयाच्या दारात कोण येणार याचे उत्तर नाही.

2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती 9 कोटी 68 लाख 78 हजार. 2011 मध्ये ती झाली 11 कोटी 23 लाख 74 हजार. म्हणजे दहा वर्षांत सुमारे 1 कोटी 55 लाख माणसे वाढली. त्याच दोन जनगणनांतला 0 ते 6 वयोगट काढून बघा. 2001 मध्ये ही मुले 1 कोटी 36 लाख 71 हजार होती, 2011 मध्ये 1 कोटी 33 लाख 27 हजार. राज्य दीड कोटीने फुगले आणि लहान मुले साडेतीन लाखांनी घटली. 2011 ची ती सहा वर्षांची मुले 2023 मध्ये अठराची झाली आणि त्या वर्षीची तान्ही बाळे 2029 मध्ये होतील. तुमचे महाविद्यालय परवानगीपासून पहिल्या तुकडीच्या पदवीपर्यंत ज्या वर्षांतून जाणार, त्या वर्षांतले विद्यार्थी म्हणजे बहुतांशी हीच मुले आणि त्यांच्या पाठची भावंडे. ती पाठची भावंडेही कमीच आहेत. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातला एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुले, 2.9 होता. 2019-21 च्या सर्वेक्षणात तो 1.7 आला. लोकसंख्या टिकायला 2.1 लागतो.

मग वाढ येते कुठून? एक तर माणसे जास्त जगताहेत. दुसरे, आधीच्या मोठ्या पिढ्या आज तिशी-चाळिशीत आहेत. त्यांची मुले प्रत्येक घरी कमी असली तरी घरांची संख्याच मोठी आहे. तिसरे, परराज्यांतून येणारे लोक. तांत्रिक गटाच्या त्या 2020 च्या अहवालातले देशाचे आकडे सांगतो: 15 ते 24 वयाची तरुण मंडळी 2011 मध्ये 23.3 कोटी होती, 2021 मध्ये 25.2 कोटी, आणि 2036 मध्ये ती 22.9 कोटींवर येतील असा अंदाज आहे. साठीच्या पुढचे लोक मात्र 10 कोटींवरून 22.7 कोटींवर जातात. देशाचा हा चढ-उतार सरासरीचा आहे. महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू यांचा उतार त्याआधीच सुरू झाला. बिहारचा अजून यायचा आहे.

या अंदाजांबद्दल लोकांच्या मनात एक शंका असते, की हे सगळे भविष्याचे तर्क, उद्या मुले जास्त झाली तर? तुमच्या बाबतीत ती गैरलागू आहे. 2036 साली जो अठरा वर्षांचा असेल त्याचा जन्म 2018 मध्येच होऊन गेला. तो आज शाळेत आहे, त्याचे नाव हजेरीपटावर आहे. जननदराचा अंदाज चुकला तरी पुढच्या दहा-बारा वर्षांच्या उच्च शिक्षणाला त्याने काही फरक पडत नाही. अंदाज चुकतो तो स्थलांतरात, आणि बारावीनंतर किती मुले शिकत राहतील या प्रमाणात.

हे प्रमाणच तुमच्या बाजूने असलेले एकमेव मोठे कारण आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. 18 ते 23 वयाच्या शंभर तरुणांमागे किती जण उच्च शिक्षणात आहेत, याला सकल नोंदणी प्रमाण म्हणतात. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये महाराष्ट्रात ते 35.3 होते, देशात 28.4. राज्यात विद्यार्थी होते सुमारे 45 लाख 78 हजार. यावरून उलटा हिशेब केला तर 18 ते 23 वयाचे तरुण साधारण 1 कोटी 30 लाख निघतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे उद्दिष्ट 2035 पर्यंत 50 टक्क्यांचे आहे. आता धरून चालू की तोपर्यंत तरुणांची संख्या दहा टक्क्यांनी घटली आणि 1 कोटी 17 लाख राहिली. हे दहा टक्के मी हिशेबापुरते धरले आहेत. त्यांचे पन्नास टक्के म्हणजे 58 लाखांच्या आसपास. म्हणजे तरुण 13 लाखांनी कमी होऊनही विद्यार्थी 12 लाखांनी वाढतात. राज्याने जागा, शिक्षक, वसतिगृहे यांची तयारी करायची ती या बारा लाखांसाठी. ही वाढ पाळण्यातून येत नाही. आज जी मुले बारावीनंतर गळतात, ती टिकली तरच ती येते. म्हणून कोण गळते आणि का गळते, हे कळल्याशिवाय इमारतीचा नकाशा काढण्यात अर्थ नाही.

हे प्रमाण वाचताना एक सावधगिरी बाळगा. 2019-20 चे देशाचे प्रमाण आधी 27.1 म्हणून जाहीर झाले होते. पुढच्या अहवालात 2011 च्या जनगणनेवर आधारलेली लोकसंख्या छेदात घेतल्यावर त्याच वर्षाचे प्रमाण 25.6 झाले. एकही विद्यार्थी कमी झाला नव्हता. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तोवर आपण सगळेच जुन्या छेदावर भागाकार करतो आहोत. तालुक्याच्या पातळीवर तर तो छेद फारच डळमळीत आहे, तेव्हा तुमच्या प्रस्तावात 'तालुक्याची 2036 ची लोकसंख्या' असा एकही आकडा घालू नका. जाणकार माणूस पहिले बोट त्यावरच ठेवेल.

आता जागेचा प्रश्न. 2001 ते 2011 या काळात ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढला, पुणे 30 टक्क्यांनी. त्याच काळात रत्नागिरी जवळपास पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्ग दोन टक्क्यांनी घटला. तुमचा सांगली जिल्हा 9 टक्क्यांच्या थोडा वर होता, शेजारचा सातारा 7 टक्क्यांच्या आत. राज्याचा वेग 16 टक्के होता. देशाच्या पातळीवरही 2036 पर्यंतच्या वाढीतला दोन तृतीयांशाहून मोठा भाग शहरांत जाणार असा अंदाज आहे. शहरी लोकसंख्या 37.7 कोटींवरून 59.4 कोटींवर. म्हणजे विश्वस्तांनी वाचलेला साडेतेरा कोटींचा आकडा मुख्यतः कल्याण-भिवंडी-पनवेल-वाघोली-चाकण या नावांनी वाचायला हवा. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या नावांनी नव्हे.

पण लोक जिथे राहतात तिथेच शिकतात असेही नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दशकात साडेसात टक्क्यांनी घटली, आणि तरीही चर्चगेट-माटुंग्याच्या नामवंत महाविद्यालयांच्या गुणवत्ता यादीचे कटऑफ खाली आले नाहीत. कारण मुले विरारहून, डोंबिवलीहून लोकलने येतात. तिथे महाविद्यालयाचे कार्यक्षेत्र रेल्वेच्या वेळापत्रकाने ठरते. तुमच्याकडे ते एसटीच्या वेळापत्रकाने ठरते. माझ्या कामात या एका गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि तिचाच परिणाम सर्वांत मोठा असतो.

तुमच्या भागाची एक खास गोष्ट आहे, जी राज्याच्या कुठल्याही अंदाजात दिसणार नाही. विटा-खानापूर-आटपाडी पट्ट्यातली कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. घर गावात, यात्रेला माणसे गावात, मतदान गावात. मुले मात्र कोईमतूरला नाहीतर कोलकात्याला शाळेत. गावात टोलेजंग बंगले दिसतात म्हणून मुले आहेत असे समजू नका. याच्या उलट, टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आल्यापासून काही गावांत लोक शेतीकडे परतले, द्राक्ष-डाळिंबाच्या बागा वाढल्या, बाहेरचे मजूरही येऊन राहिले. पाण्याने माणसे थांबतात हे खरे आहे. पण थांबलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गावातच बी.ए. करेल हे त्यातून निघत नाही. हातात पैसा आला की पहिली गोष्ट तो करतो ती मुलाला सांगलीला, कोल्हापूरला नाहीतर पुण्याला पाठवण्याची. सुबत्तेने उच्च शिक्षण वाढते, पण गावातले महाविद्यालय वाढतेच असे नाही. विश्वस्तांना हे ऐकायला आवडणार नाही, तरी सांगा.

हिशेब कसा करायचा ते आता सांगतो. यासाठी कुठलाही संगणकी कार्यक्रम लागत नाही, एक वही पुरे. तुमच्या शाळेपासून एसटीने तासाभरात येण्यासारखी गावे घ्या. त्या गावांतल्या सगळ्या शाळांचा इयत्तावार पट गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून मागवा. तो यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीसाठ्यात, भरलेला असतो. आजची बारावी, दहावी, आठवी, पाचवी, पहिली असे आकडे एका ओळीत मांडा. मग मागच्या आठ-दहा वर्षांचे पट घेऊन पाहा, की आठवीत असलेल्या शंभरांपैकी दहावीला किती पोचले, दहावीच्या शंभरांपैकी बारावीच्या परीक्षेला किती बसले. हे टिकण्याचे प्रमाण आजच्या पाचवीला लावले की सात-आठ वर्षांनंतरची बारावी मिळते.

उदाहरणापुरते धरा, पहिलीच्या जागी आज 1,000 मुले आहेत. दहावीला 850 पोचली, बारावीला 650 बसली, 580 उत्तीर्ण झाली. त्यातली दीडशे-पावणेदोनशे अभियांत्रिकी, वैद्यकीय, फार्मसी, नर्सिंग, शेती अशा अभ्यासक्रमांना बाहेर जातात. शंभरेक पोलीस भरती, सैन्य भरती, आयटीआय किंवा घरच्या धंद्यात. काही मुलींची लग्ने होतात. हा आकडा कोणी कागदावर लिहीत नाही, पण तुम्हाला तुमच्या गावचा माहीत असतो. उरलेली अडीचशे मुले तासाभराच्या अंतरातली आधीची महाविद्यालये आणि तुमचे नवे महाविद्यालय यांच्यात वाटली जाणार. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन शाखा काढल्या तर एका शाखेच्या पहिल्या वर्षाला किती येतील, हे तुम्हीच मोजा. तुमचे खरे आकडे वेगळे असतील, कदाचित बरेच चांगले असतील. पण गळती कुठे होते आणि किती, हे या ओळीत दिसते.

पट वाचताना दोन ठिकाणी फसायला होते. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीआधीचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका. त्या मोहिमेत खोटा पट राज्यभर उघडा पडला होता. तसेच 2022-23 पासून यू-डायसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होऊ लागली, त्यामुळे दुबार नावे गळाली. त्या वर्षीची घसरण सगळी जन्मदराची नाही. आणि जन्मनोंदणीच्या रजिस्टरावर तर मुळीच जाऊ नका. जन्माची नोंद जिथे बाळंतपण होते तिथे होते. पहिले बाळंतपण माहेरी, दवाखाना विट्यात नाहीतर मिरजेत. त्यामुळे तालुक्याच्या गावातले जन्म फुगलेले आणि खेड्यातले जवळपास शून्य दिसतात. लहान मुलांचा अंदाज हवा असेल तर अंगणवाडी सेविकेच्या नोंदी कितीतरी भरवशाच्या. तिला मूल कुठे झाले याच्याशी घेणे नसते, आज कुठे राहते याच्याशी असते.

प्राथमिक शाळेत जे होते ते बारा वर्षांनी महाविद्यालयात होते, यात गूढ काही नाही. वीसपेक्षा कमी पटाच्या 14 हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत आणि 2023 मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा विषय निघाला तेव्हा केवढे वादळ उठले ते तुम्हाला आठवत असेल. त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटात मी इथे जात नाही, वाडीवरची शाळा बंद करण्याला माझा स्वतःचा विरोध आहे. पण ती लाट पुढे सरकते आहे. अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया 2025-26 पासून राज्यभर लागू झाली तेव्हा जागा निघाल्या सुमारे 21 लाख, आणि दहावीला बसणारी मुले पंधरा-सोळा लाखांच्या घरात. कनिष्ठ महाविद्यालयात जी परिस्थिती दिसली तीच पदवीला येणार. काही शाखांत ती आलेलीच आहे. अभियांत्रिकीच्या जागा दशकभर रिकाम्या राहिल्या, महाविद्यालये बंद पडली. मग संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीने पुन्हा वाढल्या. 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादाच काढली. त्याचा अर्थ तुमच्यासारख्यांसाठी असा, की पुण्यातले नावाजलेले महाविद्यालय एकाच शाखेच्या तुकड्या वाढवत नेऊ शकते आणि तुमच्याकडे येऊ शकणारा विद्यार्थी तिकडे ओढून घेऊ शकते. 'मग फार्मसी काढू' असे तुमचे एक विश्वस्त म्हणतात. आजूबाजूला गेल्या चार-पाच वर्षांत किती निघाल्या, आणि त्यांच्या डी.फार्म.च्या किती जागा भरल्या, हे आधी त्यांनाच मोजून आणायला सांगा.

परवानगीचे दोन शब्दांत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे विद्यापीठाच्या पंचवार्षिक बृहत् आराखड्यात तुमच्या गावाचा स्थळबिंदू, म्हणजे नव्या महाविद्यालयासाठी ठरवलेले ठिकाण, असल्याशिवाय अर्जाचा विचारच होत नाही. तो असला तर इरादापत्र, मग अटींची पूर्तता, मग अंतिम मान्यता. आणि नवे महाविद्यालय कायम विनाअनुदान तत्त्वावरच मिळते. अनुदान आज ना उद्या येईल या आशेवर ज्यांनी संस्था काढल्या, त्यांच्याकडचे प्राध्यापक तासिका तत्त्वावर म्हातारे झाले. पन्नास टक्क्यांच्या उद्दिष्टाची भाषा करताना सरकारही ही बाजू टाळते. अनुदानित महाविद्यालयांत भरतीविना रिकाम्या पदांवर पिढ्या शिकताहेत. तिथे नवा मजला चढवून कुणाचे शिक्षण सुधारत नाही. पायाभूत सुविधा म्हटले की आपल्याला विटा-सिमेंट आठवते. माझ्या मते पहिली पायाभूत सुविधा म्हणजे पूर्णवेळ, पूर्ण पगाराचा शिक्षक.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, रस्ता-पाणी-वसतिगृहाचा. इथेही एकूण लोकसंख्येने मागणी ठरत नाही, विद्यार्थी कसा राहतो यावर ठरते. रोज येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यामागे दिवसाला 45 लिटर पाणी धरतात, वसतिगृहात राहणाऱ्यामागे 135 लिटर. म्हणजे 500 मुलांचे महाविद्यालय नुसते दिवसाचे असेल तर 22,500 लिटर, सगळी मुले निवासी असतील तर 67,500 लिटर. माणदेशात हा फरक म्हणजे उन्हाळ्यात रोज टँकरच्या चार-पाच खेपा. हाच हिशेब पुण्यात उलट दिसतो. तिथे महाविद्यालये वसतिगृह पुरेसे बांधत नाहीत, मुले कॉट बेसिसवर राहतात, मेसला जेवतात, अभ्यासिकेत बसतात. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्यात किंवा सोसायटीत जेवढी माणसे कागदावर, त्याच्या दुप्पट प्रत्यक्षात. स्पर्धा परीक्षेची मुले तर कुठल्याच महाविद्यालयाच्या पटावर नसतात, मतदारयादीत गावाकडे असतात, पाणी मात्र पुण्याचे पितात. शहराचा विकास आराखडा करताना ही लोकसंख्या नेमकी कोणत्या रकान्यात घालायची, यावर मी बैठकांमध्ये जेवढा वाद ऐकला तेवढा मेट्रोच्या मार्गावरही ऐकला नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे पुणे महापालिकेत आली. तिथे इमारती आधी उभ्या राहिल्या, नळ आणि गटारे मागून येताहेत. राज्याची वाढ ज्या कडेच्या गावांत होणार आहे तिथली खरी अडचण ही आहे. तिथे महाविद्यालयाला विद्यार्थी मिळतील, पण जागा परवडणार नाही. तुमच्याकडे जागा आहे.

म्हणून तुम्ही सरकारदरबारी जे मागायचे ते इमारतीच्या क्रमाने नव्हे, गळतीच्या क्रमाने मागा. तुमच्या वहीत मुली बारावीनंतर गळताना दिसल्या, आणि मला खात्री आहे की दिसतील, तर पहिली मागणी एसटीची. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. त्यानंतर विद्यार्थी म्हणून सवलतीचा पास मिळतो, मार्च 2023 पासून महिलांना तिकीटही अर्धे आहे. पैशाची अडचण त्याने बरीच हलकी झाली. वेळेची झाली नाही. साडेसातच्या तासाला पोचवणारी गाडी नसेल आणि प्रात्यक्षिक संपल्यावर दिवेलागणीच्या आत घरी नेणारी गाडी नसेल, तर बाप मुलीला पाठवत नाही. आगार व्यवस्थापकाकडे गावनिहाय विद्यार्थिनींची यादी आणि तासांचे वेळापत्रक घेऊन गेलात तर दोन फेऱ्यांची वेळ बदलणे हे आमदार निधीतून सभागृह मिळवण्यापेक्षा सोपे आहे, आणि कितीतरी जास्त मुली त्याने टिकतात. जुलै 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले. त्यानंतर तर फी हे कारण मागे पडून राहण्याचे ठिकाण हेच मोठे कारण उरले.

तेव्हा दुसरी मागणी वसतिगृहाची, आणि ते तुमच्या गावात असण्याची गरज नाही. सांगलीत किंवा विट्यात तुमच्या तालुक्यातल्या मुलींसाठी साठ-सत्तर खाटा झाल्या तरी तालुक्याचे नोंदणी प्रमाण वाढेल. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांना स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मिळतात. आदिवासी मुलांसाठी स्वयंम् आहे, ओबीसींसाठी आधार योजना आहे. यातले अर्ज तुमच्या शाळेतूनच बारावीच्या निकालाच्या आठवड्यात भरून घेण्याची सोय केलीत, तर महाविद्यालय न काढताही उच्च शिक्षणात तुमचा वाटा मोठा राहील. संस्थेच्या नावाची पाटी त्यावर लागणार नाही, ही गोष्ट मंडळाला कितपत पचेल ते तुम्ही जाणता.

इतके सांगूनही वहीतला आकडा चांगला निघाला, म्हणजे एका शाखेला स्वतःच्या बळावर दरवर्षी ऐंशी-नव्वद मुले मिळतील असे दिसले, तर महाविद्यालय काढायला माझा विरोध नाही. मात्र एकच शाखा काढा. वर्गखोल्यांचा हिशेब चौथ्या वर्षासकट करा. संलग्न महाविद्यालयांत नवी चार वर्षांची पदवीरचना 2024-25 पासून लागू झाली आहे, तिसऱ्या वर्षानंतर किती मुले चौथ्या वर्षाला राहतील हे अजून कोणालाच अनुभवाने माहीत नाही. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आहे, तर डाळिंबाचे पॅकहाऊस, दूध संघ, बँक, टेंभूच्या पाणीवापर संस्था यांपैकी कोण मुलांना घेईल याची लेखी बोलणी आधी करा. दुष्काळी भागातल्या महाविद्यालयांना हीच अट सर्वांत जड जाते.

आणि इमारत. चांगली इमारत पन्नास वर्षे उभी राहते, विद्यार्थ्यांची ही लाट पंधरा वर्षांत ओसरायला लागते. म्हणून बांधायचेच तर खोल्या अशा बांधा की पुढे त्या दुसऱ्या कामाला येतील: मधल्या भिंती भार न घेणाऱ्या, स्वच्छतागृहे तळमजल्यावरही, पायऱ्यांऐवजी उतार (रॅम्प) आणि रुंद दारे पहिल्यापासून. 2036 मध्ये तुमच्या तालुक्यात साठीच्या पुढची माणसे आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील, त्यांना दवाखाना, दिवसाचे केंद्र लागेल. तिशी-चाळिशीतल्या लोकांना पुन्हा काही शिकायचे असेल, संध्याकाळचे वर्ग लागतील. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र हा त्यातला आजच सुरू करता येण्यासारखा भाग आहे, आणि त्याला पाच एकर लागत नाहीत.

पाच एकरांचा व्यवहार लगेच करू नका. शाळा दुपारी रिकामी असते; पहिली तीन वर्षे तिथेच दुसऱ्या सत्रात वर्ग भरवता येतात का, ते विद्यापीठाच्या अटींत तपासा. अटी आड आल्या तर जागा भाडेकराराने घ्या आणि खरेदीचा हक्क करारात राखून ठेवा. 2027 च्या जनगणनेचे गावनिहाय तक्ते हाती आले, की त्यातला 0 ते 6 वयोगटाचा रकाना तुमच्या वहीतल्या अंगणवाडीच्या आकड्यांशी ताडून बघा. दोन्ही जुळले आणि पहिल्या तीन तुकड्या भरल्या, तर मग खरेदीखत करा.